उठावाचा हिशेब

(१२ जानेवारीच्या हुतात्मा दिनानिमित्त सोलापूर येथे झालेल्या सभेतील भाषण)



१२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. हार अवश्य घालावेत. परंतु पुतळा उभारला म्हणजे उठावाचा अर्थ उमगला, असे नव्हे. कित्येकदा पुतळ्यामुळे तो अर्थ विसरण्याची सोयच होते. याचे एक उदाहरण लंडन शहरात आहे, आणि ते आपल्याशी निगडित आहे.

वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी, ब्रिटिश पार्लमेंटजवळ, बूडिका नावाच्या राणीचा रथारूढ पुतळा आहे. तो १९०२ साली तेथे बसविला गेला. इसवी सन ६०-६१च्या सुमारास या राणीने रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला आणि ज्या लंडनमध्ये आज तिचा पुतळा आहे, तेच नगर जाळून टाकले. तिचा पती प्रासुतागस हा आइसेनी जमातीचा राजा. मरताना त्याने आपल्या दोन मुलींबरोबर सम्राट नीरोलाही वारस नेमले. हेतू हा की, निम्मे देऊन निम्मे तरी वाचावे. रोमन अधिकाऱ्यांनी सगळेच लुटले. राणीला फटके मारले, मुलींवर अत्याचार केले. हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे.

सामान्यतः ही कथा अपमानित राणीच्या सूडाची म्हणून सांगितली जाते. परंतु एका राणीच्या अपमानासाठी शेजारची जमात जीव धोक्यात का घालील? ट्रिनोव्हांटीस लोक तिला येऊन मिळाले, कारण निवृत्त रोमन सैनिकांना वसविण्यासाठी त्यांच्या जमिनी हिसकावल्या गेल्या होत्या आणि सम्राट क्लॉडियसच्या देवळाचा खर्च त्यांच्या माथी होता. डिओ हा दुसरा इतिहासकार सांगतो की, तत्त्वज्ञ म्हणून जगाला ठाऊक असलेल्या सेनेकाने या बेटावर चार कोटी सेस्टर्स व्याजाने लावले होते आणि ती रक्कम त्याने एकाएकी सक्तीने परत मागितली. जमीन, कर आणि कर्ज ही त्या आगीची तीन सरपणे होत.

आता सोलापूरकडे वळू. १९३०च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि येथील गिरणगाव पेटले, इतके आपण जाणतो. पण अटक ही ठिणगी होती. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळत होते. हे शहर तर कापसावर आणि मजुरीवर जगणारे. ८ मे रोजी लोक रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला गेले, ते केवळ दारूबंदीच्या उत्साहाने नव्हे. शिंदी म्हणजे सरकारचे अबकारी उत्पन्न. मीठ काय आणि शिंदी काय, कुऱ्हाड पडत होती ती तिजोरीवर. सरकारने ते ओळखले आणि गोळीने उत्तर दिले. शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग पोलीस चौकी जळाली, न्यायालय जळाले. पोलीसही मारले गेले.

मेलेले पोलीसही गरिबांचीच मुले होती, हे आपण लपवू नये. बूडिकेच्या सैन्यानेही नगरांतील निःशस्त्रांची कत्तल केली होती. उठाव निर्मळ असतो असे सांगणारा त्याचा इतिहास लिहीत नाही, त्याची आरती म्हणतो. मात्र त्यानंतरच्या काही दिवसांत इंग्रजी अंमल या शहरातून जणू उठला असता स्वयंसेवकांनी रस्त्यांवरील वाहतूक आणि शांतता सांभाळली, हेही तितकेच खरे आहे. माझ्या मते सरकारला खरी भीती वाटली ती याची. जळालेली चौकी पुन्हा बांधता येते. परंतु आपल्यावाचूनही शहर चालते, हे लोकांना एकदा दिसले की ते त्यांच्या मनातून पुसता येत नाही. म्हणूनच लष्करी कायदा आला आणि सात आठवडे राहिला. गांधीटोपी आणि तिरंगा हे गुन्हे ठरले. चौघांवर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवण्यात आला. त्यांत लिंगायत होता, मुसलमान होता, मारवाडी होता, मराठा होता. फासाला जात कळली नाही. उठावालाही ती कळली नव्हती.

आता त्या पुतळ्याकडे पुन्हा पाहा. परसत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या राणीला १९०२ साली राजधानीत मान देणाऱ्या राज्याने अवघ्या २९ वर्षांत सोलापूरच्या चौघांना फासावर चढविले. यात त्या राज्याला विसंगती वाटली नाही. कारण त्या पुतळ्यातून जमीन, कर आणि कर्ज केव्हाच गळून पडले होते; उरला होता केवळ रथ. चौथऱ्यावर तर तिच्या वंशजांच्या साम्राज्याचा गौरव कोरला आहे. साम्राज्याशी लढलेली स्त्री साम्राज्याची शोभा झाली! बंडखोराला जिंकण्याचा दुसरा मार्ग हाच होय. पहिला अपयशी ठरला की दुसरा वापरावा.

आपल्या चार पुतळ्यांचेही असे होऊ द्यायचे काय, हा आजचा प्रश्न आहे. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर १९३०चे सोलापूर जागे होत असे, त्यांचे भोंगे थांबले. मजुरीचा प्रश्न मात्र थांबला नाही. तो यंत्रमागाच्या खोल्यांत आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर गेला. हजार विड्यांमागे बाईच्या हातात किती पडते, नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कोण सोसते, तिचे नाव भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत आहे की नाही, हे प्रश्न १२ जानेवारीच्या व्यासपीठावरून विचारले जात नाहीत. तेथे पुढाऱ्यांची भाषणे होतात, आणि त्यांत मजुरी देणारेही असतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या हुतात्मा दिनी हार घालण्याआधी या शहरातील मजुरीच्या दरांचे जाहीर वाचन व्हावे. कायद्याने ठरलेला दर आणि प्रत्यक्ष हातात पडणारा दर, दोन्ही. ज्यांना तो हिशेब ऐकवणार नाही, त्यांनी हारही घालू नयेत.