बंदुकीचे बूड



लोखंडाची एक नळी घ्या. दोन्ही टोके उघडी आहेत तोवर ती नुसतीच नळी. एका टोकाला आतून आटे पाडून त्यात भरीव बूच घट्ट बसवले, की तिची बंदूक होऊ लागते. ठासणीच्या बंदुकीत दारू तोंडातून ओततात, तिच्यावर गोळी ठेवून गजाने ठासतात, आणि हा सगळा ऐवज खाली त्या बुचावर जाऊन बसतो. बार उडाला की दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच दाबाने बुचाला मागे रेटतो. बुचाच्या मागे वीतभर अंतरावर नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. बाजारात आणि कारखान्यात याला ब्रीच प्लग म्हणतात. मी आज बूचच म्हणेन.

उमेदीची सगळी वर्षे मी टूलरूममध्ये काढली. आटे पाडणे, आटे तपासणे आणि जाम झालेले आटे सोडवणे हे माझे रोजचे काम होते. त्या अनुभवावरून एकच गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. बुचाची निगा बार उडण्याच्या आधी सुरू होते. आट्यांवर वंगण आधी लागले नसेल, तर नंतर ओतलेले बाटलीभर तेल त्याची भरपाई करत नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण हे बूच बनवणेच मुळात किती अवघड होते ते त्यातून कळते. 1543 साली जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर काही पोर्तुगीज उतरले. त्यांच्याकडच्या तोड्याच्या बंदुका तिथल्या तरुण सरदाराने विकत घेतल्या आणि याइता किन्बे नावाच्या लोहाराला तशाच घडवायला सांगितल्या. जपानी लोहार तलवारीच्या पोलादात वाकबगार होते. नळी किन्बेने घडवली. अडले ते बुडाशी. नळीचे मागचे टोक बंद कसे करायचे, ते त्याला उमगेना, कारण आटे असलेला स्क्रू ही चीज त्या देशात कोणी पाहिलेली नव्हती. 1606 मध्ये लिहिलेल्या ‘तेप्पोकी’ या वृत्तांतात म्हटले आहे, की पुढल्या वर्षी परत आलेल्या जहाजावर एक लोहार होता आणि त्याच्याकडून किन्बे ही विद्या शिकला. किन्बेने त्या बदल्यात आपली मुलगी वाकासा पोर्तुगीजाला दिली, अशी लोककथाही तिथे सांगतात. कथेतले खरे किती ते बाजूला ठेवू. पण एका अख्ख्या देशाची बंदूक काही काळ बुडाच्या आट्यांपाशी अडून राहिली, हे मला फार मोलाचे वाटते. नळीच्या आतले आटे तिथे पुढे कसे पाडत? तयार स्क्रू नळीच्या टोकात घालून तापलेले लोखंड त्याच्याभोवती ठोकत, म्हणजे स्क्रूचे आटे आतून उमटत, असे अभ्यासक मानतात. या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. 1510 पासून गोवा पोर्तुगीजांच्या हाती होता आणि तिथे बंदुका बनत. जपानी बंदुकीच्या चापाची घडण गोवा आणि मलाक्का इथल्या बंदुकांशी जुळते, असे काही इतिहासकारांनी दाखवले आहे.

आता दारूकडे येऊ. काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग शोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ती सगळीच्या सगळी धूर होऊन उडून जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. जळल्यावर वजनाने अर्ध्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. थोडा धुरासोबत बाहेर जातो, पण बराचसा नळीत आणि बुडाशी चिकटून बसतो. ही नुसती काजळी नसते. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, आणि त्यातला पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी ओढून घेतो. संध्याकाळी बार उडवून बंदूक खुंटीला लावली, की सकाळपर्यंत तो काळा थर ओलसर झालेला असतो. ओलसर क्षार पोलादाला लागून राहिले, की गंज धरायला वेळ लागत नाही.

यावरून एक साधी गोष्ट लक्षात येईल. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून काळ्या दारूची बंदूक पाण्याने धुवायची असते. लोक नेमके इथेच बिचकतात. बंदुकीला पाणी लावायचे म्हणजे गंजाला आवतण, असे त्यांना वाटते, आणि ते थेट तेल ओततात. तेलाखाली क्षार जसेच्या तसे राहतात, गंज झाकला जातो एवढेच. आधी पाणी, मग पूर्ण कोरडे करणे, आणि शेवटी तेल. हा क्रम बदलायचा नाही.

टोपीच्या बंदुकीची नळी दस्त्यापासून सुटत असेल, तर धुणे सोपे आहे. ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते ती निपल पान्याने काढायची. बालदीत कोमट साबणाचे पाणी घेऊन नळीचे बूड त्यात उभे करायचे. गजाला चिंधी गुंडाळून ती तोंडातून वर-खाली करायची. गज वर ओढला की निपलच्या छिद्रातून पाणी आत चढते, खाली दाबला की पिचकारीसारखे बाहेर येते. पहिले पाणी शाईसारखे काळे असते आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाचा. पाणी बदलत राहायचे, स्वच्छ येईपर्यंत. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, शेवटची पांढरी निघेपर्यंत. आणि त्यानंतरच तेलाचा हलका हात.

या सगळ्यात बूच जागचे हललेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. जुन्या घडणीत ते हलवायचेच नसते. 1861 च्या सुमारास अमेरिकी सैन्यात स्प्रिंगफिल्डच्या ठासणीच्या रायफली होत्या. त्यांच्या निगेच्या नियमांत स्पष्ट होते, की बुडाचा स्क्रू फक्त शस्त्रागाराच्या कारागिराने काढावा, रोजच्या सफाईत कधीच काढू नये. कारण असे, की त्या बुचाचा पुढचा चेहरा नळीच्या आतल्या खांद्यावर नेमका टेकवलेला असतो, आणि त्याची शेपटी दस्त्यात बरोबर सरळ बसेल अशा बेताने आटे आवळलेले असतात. एकदा उघडून परत बसवताना ते तसूभर जरी पुढे-मागे झाले, तरी चेहरा आणि खांदा यांत फट राहते. त्या फटीत प्रत्येक बाराचे क्षार शिरतात, आणि आटे आतल्या आत खाल्ले जातात. बाहेरून काही दिसत नाही. लंडनच्या हेन्री नॉक या बंदूकसाजाने 1787 मध्ये बुचाच्या आतच दारूची छोटी खोली केली. बार लवकर पेटू लागला, पण साफ करायला एक अरुंद कोपरा वाढला. तिथे तेल साचले, तर पुढच्या वेळी दारूच ओली होते.

वंगणाचा विषय निघाला आहे, तर 1857 चा उठाव आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एन्फिल्डची 1853 च्या नमुन्याची रायफल ठासणीचीच होती. तिच्या नळीत वळणदार खाचा होत्या. काही बारांनंतर त्या खाचा क्षारांनी भरत आणि गोळी ठासणे जड जाई. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. ती चरबी कशाची, या प्रश्नावर शिपायांच्या मनात जे पेटले ते सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी 1857 मध्येच सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली होती, पण विश्वास तोवर उडाला होता. मला यात तंत्रज्ञ म्हणून एक गोष्ट दिसते. त्या रायफलीला वंगण हवेच होते. ते मेण आणि तेलाचेही चालले असते. दारूचे क्षार मऊ ठेवणे एवढेच त्याचे काम. वापरणाऱ्याला न विचारता ते ठरवले गेले, ही चूक कारखान्याची नव्हती, राज्यकर्त्यांची होती.

आता आजच्या रायफलीकडे वळू. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. 1985 मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट या बंदूकसाजाने एमके-85 ही रायफल बाजारात आणली. ठिणगी बाजूने न जाता सरळ मागून दारूत जाते, म्हणून हिला इनलाइन म्हणतात. तिचे बूच काढता येते. म्हणजे नळी दोन्ही टोकांनी उघडून आरपार पाहता येते, आरपार साफ करता येते. जुन्या बंदुकीचा नियम इथे बरोबर उलटा होतो. हे बूच प्रत्येक वापरानंतर काढलेच पाहिजे. काढले नाही, तर पुढे ते निघणार नाही.

का निघत नाही ते नीट पाहू. बाराच्या वेळी थोडा वायू आट्यांच्या फटींतून मागे येतो आणि आपल्यासोबत क्षार आणतो. ते आट्यांच्या खाचांत थिजतात, ओल पकडतात, गंजतात, आणि दोन धातू एकमेकांना धरून बसतात. नळी आणि बूच दोन्ही स्टेनलेसचे असतील तर गंज कमी, पण दुसरे संकट असते. दाबाखाली स्टेनलेसवर स्टेनलेस घासले, की त्यांचे पृष्ठभाग एकमेकांत रुतून चिकटतात. टूलरूममध्ये हा प्रकार ज्याने पाहिला आहे, तो कोरडे स्टेनलेसचे आटे कधीच आवळणार नाही.

साधे ग्रीस इथे पुरत नाही. बाराच्या उष्णतेने त्यातले तेल जळते आणि मागे काळी खळ उरते. म्हणून अँटी-सीझ लावायचे. त्यात तांबे, निकेल किंवा ग्रॅफाइट यांची बारीक भुकटी असते. तेल जळाले तरी ती भुकटी आट्यांच्या मध्ये राहते आणि धातूला धातू लागू देत नाही. लावण्याची पद्धत अशी. जुने वंगण टूथब्रशने खरवडून आटे पार स्वच्छ आणि कोरडे करायचे. नळीच्या आतल्या आट्यांकडेही तेवढेच लक्ष द्यायचे. तिथे बहुतेकांचा ब्रश पोचत नाही. मग बोटावर थोडेसे अँटी-सीझ घेऊन बुचाच्या आट्यांवर पातळ फिरवायचे, खाचांचा रंग बदलेल इतकेच. बुचाच्या पुढच्या चेहऱ्यावर आणि ठिणगीच्या छिद्रावर त्याचा थेंबही नको. ते छिद्र जेमतेम पाऊण मिलिमीटरचे असते. त्यात ग्रीस गेले तर बार फुसका जातो, आणि छिद्र झिजून मोठे झाले तर मागे येणारा दाब वाढतो. झिजलेले बूच बदलून टाकावे, त्यात काटकसर करू नये. काहीजण आट्यांवर नळकामाची टेफ्लॉन टेप गुंडाळतात. ती क्षार अडवते हे खरे, पण तिचे तुकडे आट्यांत अडकून राहतात. मला अँटी-सीझ अधिक भरवशाचे वाटते.

बूच हाताने शेवटपर्यंत फिरले पाहिजे. मध्येच अडले तर पाना लावून रेटू नका. काढा, पुन्हा पुसा. हाताने बसल्यावर पान्याचा नुसता हलका झटका पुरे.

दारू कोणती वापरली, यावरही सफाई ठरते. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूत परक्लोरेट असते आणि त्यातून क्लोराइड उरते. म्हणजे मिठाच्या जातीचेच क्षार. ते पाण्यानेच जातात, आणि त्याच दिवशी धुवावे लागतात. ब्लॅकहॉर्न 209 या दारूचे तसे नाही. तिचा अवशेष पाणी ओढत नाही आणि त्याला सॉल्व्हंट लागते. मात्र तिच्यामुळे ठिणगीच्या मार्गात कठीण कार्बन साचतो. तो योग्य मापाचे ड्रिल बिट हाताने फिरवून खरवडायचा. यंत्राला बिट लावून नाही, हातानेच.

आणि बूच जाम झालेच तर? पहिली गोष्ट, बंदूक भरलेली नाही याची खात्री. गज नळीत बुडापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, गज बाहेर काढून, खूण तोंडाशीच ठेवून नळीला बाहेरून लावून पाहा. गजाचे टोक बुचाच्या चेहऱ्यापर्यंत पोचले तर नळी रिकामी. अलीकडे थांबले तर आत काही आहे, आणि मग पुढचे कुठलेच काम नाही. रिकामी असेल तर आट्यांत शिरणारे तेल सोडून रात्रभर ठेवा. नळी लाकडाच्या किंवा पितळेच्या जबड्यात धरा, आणि त्या बुचासाठीच बनवलेला पाना वापरा. पाइप पान्याने बुचाचे कान मोडतात. तरी हलले नाही तर बंदूक कारागिराकडे न्या.

शेवटी आपल्याकडचे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. कोकणात अशा परवान्याच्या बंदुका आजही शेतकऱ्यांच्या घरी आहेत. त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, बूच जुन्या पद्धतीने पक्के बसवलेले असते, आणि कोकणातली हवा म्हणजे पोटॅशियम कार्बोनेटला हवे तेवढे पाणी. खंडेनवमीला या बंदुका पुसून, तेल लावून पूजेला मांडतात. तेल लागते ते दस्त्याला आणि नळीच्या बाहेरच्या अंगाला. या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी आधी वर सांगितलेली गजाची खूण करून नळी रिकामी असल्याची खात्री करा. मग गजाला ओली पांढरी चिंधी बांधून ती थेट बुडापर्यंत न्या, तिथे दोन-चार वेळा फिरवा आणि बाहेर काढून उजेडात पाहा. काळी आली तर बालदी काढा. तांबूस आली तर आत गंज धरला आहे. ती बंदूक भरू नका, परवानाधारक कारागिराला बूच तपासायला सांगा, आणि ते घरी उघडण्याचा प्रयत्न करू नका.