सोंगणीचा हात आणि अल्ट्रासाऊंड



आपल्या मेहकर-लोणार भागात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी सुरू होते. दिवसभर विळ्याची मूठ आवळून कोपराची बाहेरची बाजू धरते. मग पाण्याचा तांब्या उचलतानाही कळ येते. हाच तो टेनिस एल्बो. सचिन तेंडुलकरला २००४ साली झाला. नागपूर कसोटीत तो परतला खरा, पण मे २००५मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावीच लागली. हातात बॅट असो की विळा, दुखते ती स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती बरी व्हायला महिने लागतात.

असा रुग्ण आला की म्हणतो, "मशीनचा शेक द्या." ते मशीन म्हणजे अल्ट्रासाऊंड. त्याच्या मुठीतला स्फटिक विजेवर सेकंदाला दहा ते तीस लाख वेळा थरथरतो. कोपरासारख्या वरवरच्या जागी तीस लाखांची लहर, खोल जागी दहा लाखांची. मध्ये हवा राहिली तर लहरी कातडीवरूनच परततात, म्हणून जेल भरपूर लावायचे. मूठ सतत फिरती हवी. एका जागी थांबली तर आत चटका बसतो.

प्रयोगशाळेत उंदीर-सशांच्या तुटलेल्या कंडरा या लहरींनी अधिक मजबूत जुळल्याचे दिसले आहे. माणसांत तेवढा ठोस पुरावा नाही. खांद्याच्या कंडरेत चुना साठलेल्या रुग्णांचा व्हिएन्नातला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. उपचार संपताना आराम चांगला होता, पण नऊ महिन्यांनी वेदनेतला फरक उरला नाही. म्हणून नुसत्या मशीनवर पैसे घालवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंडरा बळकट होते ती हळूहळू वाढवलेल्या भाराने. हात टेबलावर टेकवा, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्या, मग आधार सोडून सावकाश खाली आणा. दहा-पंधरा वेळा. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर वजन कमी करा.

आणि गरोदरपण, कर्करोग, पेसमेकर किंवा मधुमेहाने आलेला बधिरपणा असेल, तर मशीन लावण्याआधीच सांगा. फिजिओथेरपिस्टकडे गेलात की शेकाबरोबर व्यायामही शिकून घ्या, आणि तो निदान तीन महिने सोडू नका.