आधी ना-हरकत, मग मोटार

(सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका सेवानिवृत्त मोटार वाहन निरीक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपले गाव मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर वसलेले आहे. वाहनांची वर्दळ आपणांस नवी नाही, तसा परराज्य हा शब्दही नवा नाही. १९५६ पर्यंत बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि लोणारच्या पलीकडे, मंठ्याच्या बाजूस, हैदराबाद राज्याची हद्द लागत असे. निजामी अमदानीत त्या हद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि कागद दाखविल्यावाचून माल पुढे जात नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती सीमा पुसली गेली. परंतु मोटारीच्या बाबतीत राज्याराज्यांतील सीमा आजही शिल्लक आहे. ती रस्त्यावर दिसत नाही, कागदावर दिसते. त्या सीमेविषयी आज मी बोलणार आहे.

अलीकडे आपल्या भागातील अनेक जण दूरच्या राज्यातील व्यापाऱ्याकडून जुनी मोटार आणू लागले आहेत. तेथे ती स्वस्त मिळते, हे खरे आहे. मोठ्या शहरांत लोक लवकर गाड्या बदलतात. शिवाय दिल्ली व तिच्या परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांस मनाई करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. पुढे त्यात फेरबदल झाले. तथापि, त्या काळात तेथील कितीतरी गाड्या अन्य राज्यांकडे वळल्या. स्वस्त वस्तू घेण्यात गैर काहीच नाही. मात्र स्वस्ताईचे कारण समजून घेतले पाहिजे.

एका तरुणाची हकीकत

मी सेवेत असताना एक तरुण शेतकरी माझ्यासमोर आला. सोयाबीनचे पैसे आणि सोसायटीचे थोडे कर्ज मिळून त्याने उत्तरेकडील एका शहरातून नऊ वर्षे वापरलेली डिझेल मोटार आणली होती. गाडी उत्तम होती. इंजिनाचा आवाज मी स्वतः ऐकला. व्यापाऱ्याने त्याला नोंदणी पुस्तक दिले आणि मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे अर्ज दिले. "ना-हरकत दाखला टपालाने पाठवितो," असेही सांगितले. तो दाखला कधीच आला नाही. गाडीवर एका बँकेचा बोजा होता आणि तो नोंदीतून उतरलेला नव्हता. काही दिवसांनी व्यापाऱ्याने दूरध्वनी घेणेही थांबविले.

मी त्याचा अर्ज परत केला. नियमाप्रमाणे दुसरे काही करणे शक्य नव्हते. पुढे एका रात्री मेहकरच्या वाटेवर त्याच्या गाडीला रोही आडवा आला आणि गाडीचा पुढचा भाग चेपला. विमा होता, पण तो मूळ मालकाच्या नावे होता. विमा कंपनीने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली. दारात मोडकी मोटार आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज, अशी त्याची अवस्था झाली.

शेवटी तो नोंदणी पुस्तकावरील पत्ता शोधीत मूळ मालकाच्या घरी गेला. ते एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. दार उघडताच त्यांनी महाराष्ट्रातून आलेल्या ई-चलानांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. गाडी विकून पैसे घेतले की आपला संबंध संपला, असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात या तरुणाच्या वेगाचा दंड ते आपल्या नावावर वागवीत होते. फसले होते दोघेही. दोघांनी मिळून बँकेचे पत्र मिळविले, बोजा उतरविला, दंड भरला आणि ना-हरकत दाखला काढला. चौदा महिन्यांनी त्या गाडीला बुलढाण्याचा क्रमांक मिळाला. तो परत केलेला अर्ज मी अद्याप विसरलेलो नाही. कोणी चार वाक्ये त्याला आधी सांगितली असती, तर हे सारे टळले असते.

कायदा काय सांगतो

पंचायत सदस्यांना समजेल अशा भाषेत सांगतो. नोंदणी प्रमाणपत्र हा गाडीचा सातबारा होय. तारण म्हणजे त्यावरील बोजा आणि मालकी हस्तांतरण म्हणजे फेरफार. फेरफाराशिवाय जमीन घेऊन आपण स्वस्थ बसत नाही. मग गाडीच्या बाबतीत का बसावे?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ४८ नुसार परराज्यात नेण्याच्या गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. त्यासाठी २८ क्रमांकाचा नमुना आहे. गाडी चोरीची नाही, याची पोलिसांकडून खात्री होते. अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळविणे कार्यालयावर बंधनकारक आहे. कलम ५० प्रमाणे विक्री परराज्यात झाल्यास विकणाऱ्याने ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची सूचना द्यावयाची असते. त्यासाठी २९ व ३० क्रमांकांचे नमुने आहेत. कर्जाचा बोजा उतरविण्यास ३५ क्रमांकाचा नमुना लागतो आणि तो वित्तसंस्थेच्या सहीनेच पूर्ण होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "परराज्याच्या क्रमांकावर बारा महिने गाडी चालते," असे सर्रास सांगितले जाते. कलम ४७ मधील बारा महिन्यांची मुदत नवा नोंदणी क्रमांक घेण्यापुरती आहे. मालकी नावावर करून घेण्याची ३० दिवसांची मुदत त्यामुळे वाढत नाही आणि राज्याचा करही त्यामुळे माफ होत नाही.

हा केवळ दंडाचा प्रश्न नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्वाळा दिला की, गाडी किती हातांतून गेली हे अपघातग्रस्ताने शोधीत बसावयाचे नाही. नोंदवहीत ज्याचे नाव, तो मालक, आणि भरपाईचे दायित्व त्याच्यावर. म्हणून विकणाऱ्यानेही आपले नाव उतरेपर्यंत निश्चिंत राहू नये.

घेण्यापूर्वी काय पाहावे

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो आणि बाजाराची पावती हाती आल्याखेरीज दावे धरीत नाही. तीच रीत येथे पाळावी.

पहिली गोष्ट, व्यापारी अधिकृत आहे काय ते पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी प्राधिकारपत्राची पद्धत लागू झाली आहे. हे पत्र पाच वर्षांसाठी असते. मूळ मालकाने गाडी सोपविल्याची नोंद झाली म्हणजे तो व्यापारीच मालक मानला जातो आणि ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज करू शकतो. ज्याच्यापाशी हे पत्र नाही, त्याच्या गोड बोलण्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट, 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत मालकाचे नाव, बोजा, विम्याची मुदत व थकलेली चलाने तपासावीत. सांगाडा व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत.

तिसरी गोष्ट, हिशेब पूर्ण करावा. महाराष्ट्रात गाडीची किंमत व वय यांनुसार कर भरावा लागेल. मूळ राज्यातील कराचा परतावा त्या राज्याच्या नियमांनुसार, येथील नोंदणीनंतर मागावा लागतो. तो कोणी घ्यावयाचा, हे करारातच लिहावे. ही बेरीज केल्यावर पुष्कळदा स्वस्त गाडी तितकीशी स्वस्त राहत नाही.

चौथी गोष्ट, हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावे. त्रयस्थाच्या भरपाईचे संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

आपले काम

मित्रहो, ज्याच्या घरी पहिलीच मोटार येते, तो परिवहन कार्यालयात येण्यापूर्वी आपणांकडे येतो. पेढे घेऊन येतो. परंतु तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो व्यवहारास निघण्यापूर्वी आपल्याकडे यावा, इतका विश्वास गावात निर्माण करा. ग्रामपंचायतीच्या संगणकावर नोंदणीची माहिती पाहावयास चार मिनिटे पुरतात. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना हे नमुने एकदा दाखवावेत. घरातील कागद हल्ली तीच वाचतात.

त्या तरुणाची मोटार आजही चालते. तो मात्र कोणी परराज्यात गाडी पाहावयास निघाला की आधी एकच प्रश्न विचारतो, "दाखला पाहिलास काय?" हा प्रश्न गावातील प्रत्येकाच्या तोंडी यावा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!