घर तिचंही आहे

"घर नवऱ्याच्या नावावर. त्यानं बाहेर काढलं, आता कुठं जाऊ?" असं कुणी विचारलं, तर तिला सांगा: नावावर नसलं तरी नांदत्या घरात राहायचा हक्क तुझा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तसं सांगतो. मारहाणच नव्हे, शिवीगाळ, पैसे अडवणं हीसुद्धा हिंसाच.

१९७९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांवरचा भेदभाव संपवण्याचा करार केला. १९९३ मध्ये भारतानं तो मान्य केला. महिला संघटनांनी रेटा लावला, तेव्हा कुठं हा कायदा झाला.

संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. बाईला सरकारी वकील-मदत मोफत मिळते. फोन १८१. हा नंबर आजच गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा.