गाडीच्या पोटाखालची स्टेपनी

मोटारीच्या जादा चाकास आपल्याकडे सर्वत्र स्टेपनी म्हणतात. हे नाव मुळात वेल्समधले. प्रारंभीच्या मोटारींबरोबर जादा चाक येत नसे. १९०४ साली लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी, पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जोडता येईल असे एक चाक तयार केले. त्याला गावातील स्टेपनी स्ट्रीटचे नाव मिळाले. विलायतेत तो शब्द मागे पडला. आपल्या ड्रायव्हरांनी मात्र तो जिवंत ठेवला आहे.

शब्द तोंडी असला तरी वस्तू दृष्टीआड असते. पिकअप गाडीचा हौदा मालासाठी मोकळा हवा, म्हणून स्टेपनी मागच्या बाजूस गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. कित्येक गाड्यांत हे काम विहिरीवरच्या रहाटासारखे चालते. वर एक छोटे पिंप, त्याभोवती गुंडाळलेला तारेचा दोर, दोराच्या टोकाला एक चकती, आणि ती चकती चाकाच्या मधल्या भोकात अडकवलेली. मागून लांब दांडा घालून फिरवला की चाक वर जाते वा खाली येते. चाक घट्ट बसले म्हणजे आतून कट्‌कट् असा आवाज येतो. तो ऐकल्याखेरीज हात थांबवू नये.

या रचनेचा वैरी म्हणजे गंज. तारेच्या दोराच्या पेडांमध्ये पाणी मुरते आणि लवकर सुकत नाही. पिंपाच्या डबीत चिखल शिरतो. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. ते चाकांनी उडून थेट गाडीच्या पोटाला लागते. २००९ च्या नोव्हेंबरात टोयोटाने २००० ते २००३ सालच्या सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा पिकअप तपासणीसाठी परत बोलावल्या. ज्या आडव्या तुळईवर स्टेपनीचा भार होता, तीच गंजून चाक रस्त्यावर पडण्याचा धोका होता. पुढच्याच वर्षी सिएना या गाडीच्या स्टेपनीच्या दोराबाबत तसेच करावे लागले.

आपल्याकडे रस्त्यांवर मीठ पडत नाही हे खरे. तथापि मालीमच्या धक्क्यावर मासळी भरणाऱ्या पिकअपचा विचार करावा. पेट्यांतील बर्फ वितळते, खारे पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकते, आणि त्याच्या नेमके खाली स्टेपनी असते. त्यात कोकणचा पावसाळा आणि समुद्राची हवा.

बिघाड दोन प्रकारे उघडकीस येतो. एक, यंत्रणा जाम होते: घाटात, रात्री, भरल्या गाडीचे चाक बसते, स्टेपनी डोळ्यांना दिसते, पण खाली येत नाही. मासळी वाया जाते, दिवसाची कमाई जाते. दुसरा प्रकार याहून घोर होय. दोर तुटतो आणि २५-३० किलोंचे चाक धावत्या रस्त्यावर सुटते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या मात्र ते थेट वाटेत येते. स्वतःच्या सोयीसाठी जवळ बाळगलेली वस्तू परक्याच्या जिवावर उठावी, हे फार वाईट. मालकांनी या बाबतीत आळस करू नये.

काही गाड्यांत दोर तुटला तरी चाक धरून ठेवणारी दुसरी कडी असते. कधी कधी दोर शाबूत असताही ती धरून बसते, आणि चाक अडकल्यासारखे वाटते. अशा वेळी दांडा उलट फिरवून जोर करू नये. आधी चाक पूर्ण वर ओढावे, मग तीन-चार फेरे सोडावेत. असे दोनदा केल्यावर पुष्कळदा ती कडी सुटते. दोराचा भरवसा वाटत नसेल तर चाकाखाली जॅक लावूनच पुढचे काम करावे आणि स्वतः त्याखाली शिरू नये. गॅरेजमधल्या हवेच्या पान्याने ही यंत्रणा फिरवू नये. आतील दाते तुटतात. हात पुरेसा आहे.

खरा उपाय स्वस्त आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा स्टेपनी जमिनीपर्यंत उतरवावी. दोर पूर्ण बाहेर काढून धुवावा, सुटलेली तार दिसली तर दोर बदलून घ्यावा, कोरडा करून वंगण द्यावे. चाकात हवा भरावी, कारण उतरलेली स्टेपनी म्हणजे नुसते ओझे. चढवताना चाक तिरके बसू देऊ नये, आणि शेवटी दोन्ही हातांनी हलवून पाहावे. पंक्चर काढून आलेले चाक घाईत हौद्यातच टाकून दिले असेल, तर त्याच संध्याकाळी तेही असेच हलवून, जागच्या जागी बसवावे.