भेंडीबाजाराची पुनर्रचना

मुंबईच्या भेंडीबाजारांत खालीं दुकान आणि वर बिऱ्हाड ही वहिवाट फार जुनी. वरून हांक आली कीं दुकानदार जेवावयास जातो, आणि तोंवर शेजारचा त्याचें गिऱ्हाईक सांभाळतो. ही सोय कोणत्याही नकाशांत दिसत नाहीं.

इमारती मात्र जर्जर झाल्या. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठलीं. भाडेकरूस आधार मिळाला, पण मालकास दुरुस्ती परवडेना. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसें दगावलीं.

२००९ सालीं स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टनें साडेसोळा एकरांतील सुमारें २५० इमारतींचा प्रश्न एकत्र हातीं घेतला. त्यांत ३,२०० कुटुंबें व १,२५० दुकानें येतात. एकेक इमारत सुटी बांधली असती तर गल्ली तशीच चिंचोळी राहिली असती, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. एका खोलींतील कुटुंबास निदान ३५० चौरस फुटांचें मालकीचें घर, आणि शौचकूप आंतच! म्हाताऱ्या माणसास रात्रीं सामायिक संडासाची वाट तुडवावी न लागणें ही लहान गोष्ट नव्हे.

१९१९ पासून मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र शिकविणाऱ्या पॅट्रिक गेडीस यांचें मत निराळें होतें: पाडावें थोडें, राखावें फार. कुजलेल्या तुळयांपुढें तें टिकणें कठीण. पण आराखड्यांत विक्रीचे मनोरेही आहेत, कारण खर्च त्यांतूनच निघावयाचा. त्या महागड्या घरांत येणारा नवा शेजारी कोपऱ्यावरच्या स्वस्त दुकानांत सौदा घेईल कीं नाहीं, यावर पुष्कळ अवलंबून आहे.