अश्वहृदय

(सारंगखेडा यात्रेत, दत्तजयंतीच्या उत्सवात झालेले कीर्तन)

जय जय रामकृष्ण हरी! अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!

श्रोते मायबाप हो, आज मार्गशीर्षाची पौर्णिमा. तापीमाईच्या काठावर, एकमुखी दत्तप्रभूंच्या पायाशी आपण बसलो आहोत. समोर बसलेल्यांत निम्मे दर्शनाला आलेत आणि निम्मे घोडा बघायला आलेत. लाजायचं कारण नाही. दोन्ही कामं एकाच यात्रेत होतात, ही इथली शेकडो वर्षांची रीत आहे. कीर्तनात बसलेल्या कितीकांचं ध्यान पलीकडच्या दावणीला आहे, हे मला इथून दिसतंय. म्हणून म्हटलं, आज तुम्हाला ओढून आपल्या विषयाकडे आणण्यापेक्षा आपणच तुमच्या विषयाकडे जाऊ. आजचं निरूपण घोड्याचं. कोणता घोडा कोणत्या धन्याचा, ही जोडी कशी जमते, याचं.

पूर्वरंग

दत्तप्रभूंचं नाव घेतलं की चोवीस गुरू आठवतात. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला ते सांगितले. पृथ्वी गुरू, वारा गुरू, अजगर गुरू, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, सगळे आहेत. घोडा आहे का त्यात? नाही! आता घोडेवाल्यांनी रुसायचं का? थांबा. त्याच एकादश स्कंधात, पुढे विसाव्या अध्यायात, भगवंत उद्धवाला मन आवरण्याची युक्ती सांगतात, आणि तिथे दाखला देतात तो घोड्याचा. भाव असा, की उधळ्या घोड्याला शिकवणारा जाणता माणूस जसा आधी त्याचं हृदय ओळखतो, त्याच्या कलाने थोडं जातो आणि हळूहळू त्याला आपल्या वाटेवर आणतो, तसं मनाचं करावं. शब्द लक्षात घ्या, हृदय ओळखतो. नुसता लगाम खेचतो असं भगवंत म्हणाले नाहीत.

आता बाजारात या. गिऱ्हाईक काय बघतं? रंग बघतं. उंची बघतं. कान बघतं. मारवाडी, काठेवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाशी टोक लावतात, ते बघून माणूस भुलतो. मग भोवरे मोजतो, देवमण आहे का विचारतो, पंचकल्याणी असला तर जास्त पैसे मोजतो. बघावं, त्याला ना नाही. पण घोड्याच्या अंगावरचे भोवरे मोजणारे पुष्कळ आहेत. स्वतःच्या अंगातले भोवरे किती जण मोजतात? मला राग किती लवकर येतो? सकाळी उठून खरारा करायला माझ्याकडे वेळ आहे का? मी घोड्यावर किती वर्षं बसलोय? घरी मोकळी जागा आहे, का गोठ्याच्या कोपऱ्यात बांधणार? घोडा घेताना परीक्षा दोघांची असते. आपण एकाचीच करतो.

एक घडलेली गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. एका घरी कांद्याला बरा भाव आला. पोरगा वीस-एकवीस वर्षांचा, घोड्याचं वेड. बाजारातून तीन वर्षांचा कोवळा, न बडवलेला घोडा आणला. हलगीवर पाय उचलायचा, छाती काढून नाचायचा. बघून पोरगं हरखलं. घरी आणला आणि दाव्याला बांधला. चार-चार दिवस चाल नाही, काम नाही, आणि प्रेमापोटी तोबऱ्यात हरभरा मात्र दुप्पट! आता तरुण रक्त, पोटात हरभरा आणि पायाला मोकळीक नाही. तो जाणार कुठे? दात लावायला लागला, लाथ घालायला लागला. पोराने चाबूक काढला. चाबूक दिसला की घोडा आणखी बुजायचा, घोडा बुजला की पोरगं आणखी मारायचं. एक दिवस त्याने पोराला भिंतीवर चेपला. खांद्याचं हाड मोडलं.

त्याचे वडील माझ्याकडे आले. मोठे भाविक, नेमाने वारी करणारे. म्हणाले, "महाराज, घोडा विकायचा ठरवलाय. पण तो चावतो, मारतो, असं सांगून विकला तर निम्मी किंमत येते. न सांगता, दोन तास पळवून दमवून बाजारात उभा केला, तर गरीब गायीसारखा उभा राहतो. पोराच्या दवाखान्यालाही खर्च झालाय. काय करू?"

मायबाप, प्रश्न अवघड होता. पैशाची नड खरी होती, आणि बाजारात असं करणारा तो काही एकटाच नव्हता. मी त्यांना एवढंच विचारलं, "तात्या, न सांगता विकला, तर उद्या भिंतीवर चेपला जाणारा पोरगा कुणाचा असेल?" म्हातारा गप्प झाला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "तोही कुणाच्या तरी घरचाच."

त्यांनी सगळं सांगून घोडा विकला. ज्याने घेतला तो पिढीजात घोडेवाला. त्याने हरभरा कमी केला, रोज पहाटे कासऱ्यावर गोल फिरवला, महिनाभर पाठीवर खोगीर म्हणून ठेवलं नाही. नुसता हात फिरवायचा, पाय उचलायचा, खाली ठेवायचा. वर्षाच्या आत तोच घोडा लहान पोराला पाठीवर घेऊन चालू लागला. आणि या घरात काय आलं? आठ-नऊ वर्षांची, शिकलेली, शांत घोडी. दिसायला साधी. पोरगं तिच्यावर बसायला शिकलं. खरं बघाल तर घोडा वाईट नव्हता, पोरगंही वाईट नव्हतं. दोघेही कोवळे होते, आणि कोवळ्याला कोवळ्याच्या हाती दिलं, तिथेच घोडं पेंड खात होतं. शिकाऊ धन्याला शिकलेला घोडा लागतो आणि शिकाऊ घोड्याला शिकलेला धनी.

अध्यात्मातही हाच हिशोब आहे बरं. मन म्हणजे न बडवलेला घोडा. जीव म्हणजे नवखा स्वार. दोघांना एकत्र सोडलं की हाड मोडणारच! म्हणून मध्ये जाणता लागतो, आणि त्या जाणत्याला सद्गुरू म्हणतात. तो पहिल्या दिवशी खोगीर घालत नाही. माळ घाल म्हणतो, एकादशी कर म्हणतो, नाम घे म्हणतो. पाय उचलायचा, खाली ठेवायचा. हळूहळू मनाला त्याच्या हाताची ओळख पटते.

आणखी एक गाठ मनाशी बांधा. आपल्या मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे असत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. बारगीर घोड्यावर बसायचा, त्याला जपायचा, पण घोडा आपला आहे असं म्हणू शकत नव्हता. आता सांगा, या देहाचे आपण शिलेदार का बारगीर? जन्माला येताना काय घेऊन आलो होतो? घोडा सरकारी आहे, मायबाप! पागा पांडुरंगाची. चारा त्याचा, पाणी त्याचं, आणि एक दिवस हजेरीला घोडा परत करायचा आहे. विचारतील, "दिला तेव्हा धडधाकट होता, पाठीला जखमा कशाच्या?" तेव्हा काय सांगणार?

वारीत बघितलं असेल. माउलींच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. कर्नाटकातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून ते आळंदीला पायी येतात. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर खोगीर असतं, पण स्वार नसतो. तो माउलींचा. रिंगणात तो रिकाम्या पाठीने धावतो आणि लाखो लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. रिकाम्या पाठीच्या घोड्याला एवढा मान का? कारण त्याची पाठ रिकामी नाही. त्याने आपला धनी ठरवला आहे. आपल्या पाठीवर कोण बसलंय ते ज्याने त्याने बघावं. काम बसलाय, क्रोध बसलाय, का माउली बसलीय?

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!

(येथे नामघोष झाला.)

उत्तररंग

आता आख्यान. भगवंतांनी हृदय हा शब्द वापरला, त्याच शब्दाची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. नलोपाख्यान. आपल्या हरिदासांच्या आवडीचं, पण आज मी त्यातला घोड्यांचाच भाग सांगणार.

नल निषधांचा राजा. अश्वविद्येत त्याची बरोबरी कुणाला नाही. फाशांत राज्य गेलं. सगळं जाताना दिसू लागलं, तेव्हा दमयंतीने शहाणपण केलं. नलाचे आवडते घोडे रथाला जोडून वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही लेकरं माहेरी पाठवली, विदर्भात कुंडिनपुराला. आपल्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर ते हेच, रुक्मिणीमातेचंही माहेर. घोडे तिथेच राहिले. पुढे नल-दमयंतीची ताटातूट झाली, कर्कोटक नाग डसला आणि नलाचं रूप पालटलं. आखूड हातांचा, कुरूप झाला. बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोड्यांच्या चाकरीला राहिला.

इकडे दमयंतीने युक्ती केली. ऋतुपर्णाला निरोप धाडला, की उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे. एका दिवसात अयोध्येहून विदर्भ! अशी घोडी हाकणारा जगात एकच, हे तिला माहीत होतं. ऋतुपर्ण म्हणाला, "बाहुका, एका दिवसात पोचवशील?" बाहुकाच्या काळजावर वीज पडली. तरी म्हणाला, "पोचवतो."

आणि तो तबेल्यात गेला. राजाचा तबेला! एकाहून एक गुबगुबीत, चमकदार घोडे. बाहुक प्रत्येकापुढे उभा राहिला, बघत राहिला. राजा घाई करतोय आणि हा हलत नाही. शेवटी चार घोडे काढले. कसे? कृश! अंगावर मांस नाही. राजा संतापला. "हे वाळके घोडे एवढी वाट कशी कापणार? माझी थट्टा करतोस?" बाहुकाने त्यांच्या खुणा ओळखल्या होत्या. रुंद नाकपुड्या, अंगावर दहा भोवरे, सिंधुदेशीची पैदास. म्हणजे भोवरे त्यानेही बघितले बरं! पण भोवऱ्यांवर थांबला नाही. दम बघितला, हाड बघितलं, जात बघितली. नम्रपणे म्हणाला, "महाराज, हेच पोचतील. आपल्याला दुसरे बरे वाटत असतील तर सांगा, तेच जोडतो." राजा शहाणा. म्हणाला, "घोड्यातलं तुला कळतं. तू म्हणशील ते जोड." धनी असून त्याने जाणत्याचं ऐकलं, हे त्याचं मोठेपण.

घोडे जोडले, राजा रथात चढला, आणि काय झालं? घोडे गुडघ्यांवर खाली बसले! आपण काय केलं असतं? चाबूक! बाहुक त्यांच्याजवळ गेला, त्यांना चुचकारलं, धीर दिला, बळ दिलं. मग लगाम हाती घेतले, आणि रथ असा निघाला की वाटेत राजाचं उपरणं उडालं. राजा म्हणाला, "थांब, उपरणं पडलं." बाहुक म्हणाला, "महाराज, ते योजनभर मागे राहिलं!"

वाटेत बेहड्याच्या झाडाखाली देवाणघेवाण ठरली. ऋतुपर्णाकडे फाशांचं मर्म होतं, अक्षहृदय. नलाकडे घोड्यांचं मर्म होतं, अश्वहृदय. नलाला फाशांचं मर्म मिळालं आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. बघा, ऋतुपर्णाकडे घोडे पुष्कळ होते, पण अश्वहृदय नव्हतं. पैसे मोजून घोडा येतो. त्याचं हृदय तबेल्याबरोबर मिळत नाही.

आता कथेचा गाभा. ज्यासाठी हे आख्यान लावलं तो क्षण. सायंकाळी रथ कुंडिनपुरात शिरला. चाकांचा घनगंभीर आवाज घुमला. दमयंती चमकली, हा रथ नलाचाच! धावत सौधावर गेली आणि खाली बघितलं, तर सारथ्याच्या जागी कुरूप बाहुक. मन खट्टू झालं. हा का तो? तिला खात्री पटेना. पुढे केशिनी दासीला पाठवून एकेक परीक्षा घ्यावी लागली, तेव्हा ओळख पटली. दमयंती पतिव्रता, पण डोळ्यांना रूप दिसलं आणि क्षणभर शंका आली.

पण त्याच नगरात नलाचे ते जुने घोडे बांधलेले होते ना, लेकरांबरोबर आलेले! त्यांनी रथाचा आवाज ऐकला मात्र, आणि पूर्वी नलाजवळ असताना जसे हर्षित व्हायचे तसे हर्षित झाले. त्यांनी रूप विचारलं नाही. मुकुट विचारला नाही. राज्य आहे का गेलं, हात आखूड झाले का, काही विचारलं नाही. ज्याने हात फिरवला, ज्याने हृदय ओळखलं, तो आला! मधली वर्षं पुसली गेली.

मायबाप, घोडा आणि धनी यांची जोडी ती ही. दावणीला किंमत देऊन सौदा होतो. जोडी जमते ती पुढे रोजच्या पाण्याने, खराऱ्याने, अंधारात मारलेल्या हाकेने. कागदावर तुम्ही त्याचे धनी झालात. त्याने तुम्हाला धनी म्हटलं का, ते तुम्ही गोठ्यात शिरताना त्याचे कान सांगतील.

उद्या बाजारात जाल. घाई करू नका. दात बघा, खूर बघा, टणक जमिनीवर चालवून बघा. दमवलेला घोडा शांत वाटतो, म्हणून पहाटे, दावणीवरून सोडायच्या आधी जाऊन बघा. खोगीर घालताना कसा उभा राहतो ते बघा. आपलं वजन आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका, असं जाणते सांगतात. सोबत जाणता माणूस न्या आणि ऋतुपर्णासारखं त्याचं ऐका. नाहीतर घोडा घरी आल्यावर विचारत बसाल, म्हणजे वरातीमागून घोडं. घोडा पंचवीस वर्षं जगतो. तेवढी सोबत निभवायची तयारी नसेल, तर दत्तप्रभूंना नमस्कार करा आणि मोकळ्या हाताने घरी जा, त्यातही पुण्य आहे. विकायला आला असाल तर खोड झाकू नका.

आणि आपला जो घोडा आहे, हे मन, त्याला बाजारात उभं करू नका. ते आजवर पुष्कळ धन्यांच्या हातून फिरलंय. पैशाने बसून बघितलं, मानाने बसून बघितलं, रागाने चाबूक मारून बघितलं. सगळ्यांनी पाठ सोलली. त्याचं हृदय जाणणारा एकच आहे, आणि तो कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही. दत्त म्हणून येईल, विठ्ठल म्हणून येईल, फाटक्या वेशात भिक्षेकरी म्हणून येईल. तेव्हा डोळ्यांनी चूक केली तरी चालेल. पण त्याच्या रथाचा आवाज आला की आपल्या आतला घोडा उठून उभा राहिला पाहिजे. एवढी ओळख या जन्मात व्हावी, हेच दत्तचरणी मागणं.

बोला, श्रीगुरुदेव दत्त! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!